ऑईल फिल्टर अडकतो कशाने आणि काढावा कसा?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्यापैकी पुष्कळांचे ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला लागतात. दिवसाला 10 तास इंजिन चालले असे धरले तर 25 दिवसांत 250 तास भरतात. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या पुस्तकात इंजिन ऑईल बदलण्याची मुदत याच्याच आसपास दिलेली असते. (आपल्या ट्रॅक्टरची नेमकी मुदत पुस्तकातच पाहावी.) म्हणजे नुसती मशागत करणाऱ्या ट्रॅक्टरला जे काम वर्षातून एक-दोनदा करावे लागते, ते ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरला एका हंगामातच चार-पाच वेळा करावे लागते. हंगामात गॅरेजवाल्याकडे नंबर लागत नाही. त्यामुळे आता पुष्कळ सभासद हे काम घरच्या घरी, गोठ्यापुढच्या अंगणातच उरकतात. त्यात वाईट काहीच नाही. चेंबरचा नट सोडायचा, जळके ऑईल घमेल्यात घ्यायचे, फिल्टर बदलायचा, नवे ऑईल भरायचे. तास-दीड तासाचे काम.

पण या कामात एक जागा अशी आहे की जिथे भल्याभल्यांचे हात टेकतात. फिल्टर निघत नाही! सगळे ऑईल सोडून झालेले असते, उद्या पहाटे फडावर जायचे असते, टोळी ऊस तोडून बसलेली असते, आणि फिल्टर काही केल्या जागचा हलत नाही. मग माणूस घाईला येतो आणि नको ते करून बसतो. आम्हीही करून बसलो आहोत. म्हणूनच या अंकात या एवढ्याशा विषयावर सविस्तर लिहायचे ठरविले.

फिल्टर करतो काय?

इंजिनात लोखंडावर लोखंड घासते. त्यातून बारीक चुरा निघतो, डिझेलची काजळी निघते, धूळ आत जाते. हे सगळे ऑईलबरोबर फिरत राहते. पंप हे ऑईल दाबाने फिल्टरमधून ढकलतो, आतला घडीचा कागद कचरा धरून ठेवतो आणि स्वच्छ ऑईल बेअरिंगांकडे जाते. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात असा फिल्टर नव्हताच. 1923 च्या सुमारास अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग या दोघांनी तो काढला.

फिल्टर गच्च भरला म्हणून ऑईल बंद पडत नाही. कारण फिल्टरमध्ये किंवा इंजिनात एक सुटकेची झडप असते. कागद तुंबला की ती उघडते आणि घाणेरडे ऑईल तसेच बेअरिंगांकडे जाते. ट्रॅक्टर चालू राहतो, मालकाला काही कळत नाही, आणि आत झीज होत राहते. म्हणून "फिल्टर निघंना, राहू दे, नुसतं ऑईल बदलून टाकू" हा कारभार फार दिवस परवडत नाही.

फिल्टर अडकतो कशाने?

आता मुख्य मुद्दा सांगतो. फिल्टर आपोआप अडकत नाही. बहुतेक वेळा तो मागच्या खेपेला बसवणाऱ्याने अडकवलेला असतो. त्याची कारणे अशी :

पहिले, पान्याने आवळणे. फिल्टर हा हाताने आवळण्याचा जिन्नस आहे. "गळायला नको" म्हणून साखळी पान्याने आणखी अर्धा फेरा दिला की पुढच्या वेळी तो निघण्याची आशा कमी.

दुसरे, रबर कोरडे बसवणे. फिल्टरच्या तोंडावर रबरी रिंग असते. तिला ऑईलचे बोट न लावता फिल्टर आवळला तर ती सरकत नाही, पिळवटते आणि पुढे उष्णतेने कडक होऊन इंजिनाला चिकटून बसते.

तिसरे, मुदत उलटून जाणे. रबर जितके जास्त तास तापेल तितके ते कडक होते.

चौथे कारण ऐकून काहींना हसू येईल. फिल्टर अडकलेलाच नसतो. आपण तो उलट्या बाजूने फिरवत असतो! फिल्टर इंजिनाला खाली तोंड करून लोंबत असेल आणि आपण वरून वाकून पाहत असू, तर डावे-उजवे उलटे होते. नियम एकच ध्यानात ठेवावा. फिल्टरच्या बंद बुडाकडे बघत असताना घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवला की तो सुटतो. आपण वरून, म्हणजे इंजिनाच्या बाजूने बघत असू, तर हीच दिशा काट्याप्रमाणे दिसते. घोटाळा नको म्हणून फिल्टरच्या डब्यावर ऑईल पेंटने बाण काढून ठेवावा.

आमच्या घरची गोष्ट

काही वर्षांपूर्वी ऐन जानेवारीत, रात्री दिव्याच्या उजेडात, आम्ही दोघे भाऊ ऑईल बदलायला बसलो. ऑईल सोडून झाले. फिल्टर हलेना. थोरल्या बंधूंनी पान्याला पाईप लावून जोर दिला. आम्ही बॅटरी धरून खालून पाहत होतो.

"दादा, आवो तुम्ही तर आवळायलाच लागलाय की!"

तोवर पाव फेरा आणखी आवळून झाला होता. मग दिशा बदलली, पण आता फिल्टर दगड झालेला. पान्याने डब्याला पोचा पडला. शेवटी कुणीतरी कधीतरी सांगितलेली युक्ती आठवली. स्क्रू ड्रायव्हर हातोडीने फिल्टरच्या आरपार ठोकला आणि त्याचीच दांडी करून फिरवायला गेलो. पत्रा टराटरा फाटला. डबा हातात आला आणि तोंडाची जाड चकती तेवढी इंजिनाला राहिली. मध्यरात्र उलटून गेल्यावर छन्नीने ठोकून ठोकून ती चकती निघाली. निघाल्याचा आनंद एवढा झाला की जुने रबर कुठे गेले हे पाहण्याचे कुणाला सुचलेच नाही. ते इंजिनालाच चिकटलेले होते. त्यावर आम्ही नवा फिल्टर, नव्या रबरासकट बसवला. रबरावर रबर!

इंजिन मिनिटभर चालवून पाहिले, गळती दिसली नाही. सकाळी भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर रस्त्याला लागला. चढावर इंजिनाला ताण आला, ऑईलचा दाब वाढला आणि वरचे रबर सरकून बाहेर आले. ऑईल पिचकारीसारखे रस्त्यावर गेले. ड्रायव्हरला लाल दिवा दिसला होता. पण "कारखाना आलाच आहे, गव्हाणीला ऊस लावू आणि मग बघू" असे म्हणून त्याने ट्रॅक्टर तसाच पुढे नेला. थोड्याच अंतरावर इंजिन जाम झाले. बेअरिंगे गेली, क्रँक घासून घ्यावा लागला. तोडलेला ऊस 24 तासांत गाळपाला गेला पाहिजे हे आपण सगळे जाणतो. आमचा तो ऊस दोन दिवस रस्त्याच्या कडेला वाळला. त्या हंगामातली वाहतुकीची कमाई इंजिनाच्या कामात गेली. दोष ड्रायव्हरला देऊन भागणार नव्हते. दिवा दिसला की जागेवर इंजिन बंद करायचे, हे आम्ही त्याला कधी सांगितलेच नव्हते, आणि मुळातली चूक तर आमचीच होती.

काढण्याची रीत

आता शहाणपणाची रीत सांगतो.

ट्रॉली सोडून ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत, चावी काढून खिशात ठेवावी. इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून कोमट करून घ्यावे. कोमट इंजिनाचे रबर थोडे मऊ असते आणि ऑईलही कचरा घेऊन चांगले वाहते. मात्र फडावरून आलेल्या रसरशीत तापलेल्या इंजिनाला लगेच हात घालू नये; त्या ऑईलने हात पोळतो. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

चेंबरचा नट सोडण्याआधी फिल्टर हलतो का ते पाहावे. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. फिल्टर जरासा ढिला झाला की खाली घमेले ठेवून पुढचे काम करावे. नाहीच हलला तर ऑईल अजून इंजिनात आहे. ट्रॅक्टर चालवत मिस्त्रीकडे नेता येतो. आधी ऑईल सोडून बसलात तर मिस्त्रीलाच घरी आणावे लागेल.

मग फिल्टर बाहेरून डिझेलच्या चिंधीने पुसावा, नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करावा. निम्मी भांडणे इथेच मिटतात, कारण ऑईलने बुळबुळीत झालेल्या डब्यावर हात आणि पाना दोन्ही घसरतात. जाडा पॉलिश पेपर खरखरीत बाजू डब्याकडे ठेवून गुंडाळावा आणि दोन्ही हातांनी पिळावे. पुष्कळदा एवढ्यानेच निघतो.

नाही निघाला तर पट्टा पाना लावावा. तो नसेल तर जुन्या ट्यूबचा किंवा नायलॉनच्या पट्ट्याचा फेरा डब्याभोवती घालून त्यात लोखंडी दांडी अडकवून पीळ द्यावा. पट्टा किंवा साखळी डब्याच्या मध्यावर लावू नये. मध्यावर पत्रा पोकळ असतो, तो चेपतो. इंजिनाकडच्या टोकाला, जिथे जाड चकती आहे, तिथे लावावा. तिथला पत्रा सर्वांत घट्ट असतो. झटके न देता सावकाश, सारखा जोर द्यावा. फिल्टरच्या बुडावर बसणारी कंगोऱ्यांची वाटी बाजारात मिळते. आपल्या फिल्टरच्या मापाची एक घरात ठेवावी.

स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकणे हा अगदी शेवटचा उपाय. पत्रा बहुधा फाटतो, कडा हाताला कापतात, आणि भोक पडलेल्या फिल्टरवर इंजिन सुरू करता येत नाही; म्हणजे ट्रॅक्टर जागेवरच खिळतो. नवा फिल्टर हाताशी नसताना, रात्री एकट्याने, किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे फडावर जायचे असताना हा उद्योग करू नये.

पत्रा फाटलाच तर घाबरू नये. राहिलेल्या चकतीच्या कडेला छन्नीचे टोक लावून, सुटण्याच्या दिशेने, हलक्या हाताने जागा बदलत ठोकत जावे. छन्नी इंजिनाच्या सपाट तोंडावर घसरू देऊ नये. ते तोंड पुष्कळ इंजिनांत ॲल्युमिनियमचे असते आणि त्यावर ओरखडा पडला तर नवा फिल्टर कायम गळत राहतो. मधल्या आट्यांच्या नळीलाही मार लागू देऊ नये. कधीकधी ती नळीच फिल्टरबरोबर निघून येते. जुना फिल्टर टाकण्याआधी त्याच्या तोंडात नळी अडकली नाही ना, ते पाहावे.

वाटीचा फिल्टर आणि झाकणाचा फिल्टर

जुन्या बनावटीच्या ट्रॅक्टरला डब्याऐवजी लोखंडी वाटी असते, आत कागदी फिल्टर आणि मधून लांब बोल्ट. बोल्ट सुटला तरी वाटी वर चिकटून राहते, कारण तिचा काठ खाचेतल्या रबरात रुतलेला असतो. बोल्ट पूर्ण काढू नये. चार-पाच आटे ठेवावेत, म्हणजे वाटी एकदम खाली पडून गरम ऑईल अंगावर येत नाही. मग लाकडी मोगरीने वाटीच्या बाजूला चारी अंगांनी हलके ठोके द्यावेत आणि वाटी डावी-उजवी फिरवावी. आतली स्प्रिंग, चकती आणि वायसर कोणत्या क्रमाने निघाले ते मोबाईलवर फोटो काढून ठेवावे. स्प्रिंग हरवली तर फिल्टर जागेवर दाबून बसत नाही, आणि ऑईल त्याच्या बाजूने न गाळताच निघून जाते. वरच्या खाचेतले जुने रबर टोकदार तारेने अलगद उचलून काढावे. ते काळे आणि कडक झालेले असते, खाचेशी एकजीव झाल्यासारखे दिसते. इथेही रबरावर रबर बसण्याचा धोका आहेच.

अलीकडच्या बऱ्याच मोटारींना प्लॅस्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे आट्यांचे झाकण आणि आत कागदी फिल्टर असतो. तिथे नेमक्या मापाचीच वाटी वापरावी. पाईप पाना लावला तर झाकणाचे कोपरे जातात, प्लॅस्टिक तडकते. किती आवळायचे ते पुष्कळदा झाकणावरच छापलेले असते. 25 न्यूटन मीटर हा आकडा बऱ्याच झाकणांवर दिसतो, आणि तो फार मोठा नाही. मनगटाच्या जोराने भागते, दंडाचा जोर लागत नाही.

बसवताना घ्यावयाची काळजी

जुना फिल्टर हातात आला की सर्वांत आधी त्याच्या तोंडाकडे पाहावे. रबर त्यावर आहे का? असेल तर ठीक. नसेल तर ते इंजिनाला चिकटले आहे, ते काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्वच्छ चिंधीने इंजिनाचे तोंड पुसून त्यावर बोट फिरवावे. रात्रीच्या उजेडात डोळा फसतो, बोट फसत नाही.

नवा आणि जुना फिल्टर शेजारी धरून रबराचा घेर आणि आटे सारखे आहेत का ते पाहावे. नव्या रबराला स्वच्छ ऑईलचे बोट लावावे. फिल्टर हाताने फिरवत न्यावा. रबर टेकले की डब्यावर खडूची खूण करावी आणि तिथून हातानेच अर्धा ते पाऊण फेरा द्यावा. फिल्टरवर वेगळे छापले असेल तर ते मानावे. पाना लावू नये. ज्याने आज हाताने आवळला, त्याला पुढच्या वेळी तो हाताने काढता येईल.

चेंबरचा नट वायसरसह घट्ट झाला आहे ना ते पाहून ऑईल भरावे. इंजिन बंद करण्याची दोरी ओढून धरावी आणि थोडा थोडा वेळ स्टार्टर मारावा, म्हणजे फिल्टर भरून बेअरिंगांपर्यंत ऑईल पोचते. मग इंजिन सुरू करावे. दाबाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास लगेच बंद करावे. विझला तर पाच मिनिटे चालवून, थोडा वेग वाढवूनही पाहावे. आम्ही नुसते मिनिटभर आणि मंद वेगावर पाहिले होते, तिथेच फसलो. फिल्टरच्या सांध्याखाली कोरडा कागद धरावा, थेंब पडला तर दिसतो. नंतर इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पट्टी पाहावी. नव्या फिल्टरने ऑईल पिऊन घेतलेले असते, तेवढी भर घालावी. पहिल्या खेपेनंतर पुन्हा एकदा सांधा पाहावा.

बदलल्याची तारीख आणि तास डब्यावर आणि वहीत लिहून ठेवावेत. आणि ड्रायव्हरला, मग तो घरचा असो की पगारी, एक गोष्ट बजावून सांगावी. लाल दिवा लागला की जागेवर इंजिन बंद. कारखान्याचे फाटक समोर दिसत असले तरी बंद. ट्रॉली ओढून न्यायला शेजारचा ट्रॅक्टर मिळतो. जाम झालेले इंजिन तासाभरात कुणी बांधून देत नाही.

जळक्या ऑईलचे काय?

ते पाटात, ओढ्यात किंवा विहिरीच्या काठाला ओतू नये. आपलेच पाणी, आपलीच जमीन. वापरलेले ऑईल 2016 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून परवानाधारक गोळा करणाऱ्याकडे द्यावे. जुना फिल्टर तोंड खाली करून रात्रभर घमेल्यात निथळत ठेवावा. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. जळके ऑईल रोज अंगाला लागत राहिले तर कातडीचे विकार होतात, आणि वर्षानुवर्षे लागले तर कर्करोगाचाही धोका असतो. म्हणून जखमेला जळके ऑईल लावण्याची जुनी सवय सोडून द्यावी.

शेवटी एवढेच सांगायचे आहे की हे काम अवघड नाही, फक्त ते घाईचे नाही. उद्या खेप असेल तर आज रात्री फिल्टरला हात घालू नये; टोळीच्या सुट्टीच्या दिवशी सकाळच्या उजेडात बसावे, नवा फिल्टर आणि रबर आधी आणून ठेवावे. आणि बसवताना पाना बाजूला ठेवावा. आम्ही हे इंजिन गमावून शिकलो. आपण हे पान वाचून शिकलात तरी आम्हाला भरून पावल्यासारखे होईल.